स्टॅनली कप प्लेऑफमधला सर्वांत मोठा खेळाडू: माझं मत रुआला

विदर्भातल्या गावांत आइस हॉकी बघणारे मोजकेच, पण जे आहेत ते जीव लावून बघतात. वेळही त्यांना साथ देते. स्टॅनली कप म्हणजे उत्तर अमेरिकेच्या एनएचएल या आइस हॉकी लीगचं विजेतेपद. त्याचे प्लेऑफ, म्हणजे साखळीनंतरचे बाद सामने, एप्रिलच्या मध्यात सुरू होतात आणि जूनमध्ये संपतात, म्हणजे आपल्या उन्हाळी नांगरटीपासून पेरणीच्या तोंडापर्यंत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी ७ किंवा ८ ला सुरू होणारी मॅच आपल्या घड्याळात पहाटे ४:३० किंवा ५:३० ला येते. पारा ४५ ला टेकतो त्या दिवसांत गाव तसंही पहाटेच जागं होतं, त्यामुळे मॅच बघूनही ऊन चढायच्या आत वावरात पोचता येतं. फक्त ओव्हरटाइम लागला की सगळा हिशेब कोलमडतो.

आणि मग पारावर, टपरीवर, व्हॉट्सअॅपच्या गटात वाद सुरू होतो. प्लेऑफमधला सर्वांत मोठा खेळाडू कोण? पहिलं उत्तर ठरलेलं: "ग्रेट्झकीचे ३८२ पॉइंट हायेत भाऊ, आता कायचा वाद?"

३८२ हा आकडा खरा आहे. वेन ग्रेट्झकीने प्लेऑफच्या २०८ सामन्यांत १२२ गोल आणि २६० असिस्ट, म्हणजे गोलाला कारण ठरलेले पास, केले; दोन्हींची बेरीज म्हणजे पॉइंट. दुसऱ्या क्रमांकावरचा मार्क मेसिए २३६ सामन्यांत २९५ वर थांबला. सर्वांत जास्त पॉइंट कोणाचे, या प्रश्नाचं उत्तर एवढ्यात मिळतं. पण सर्वांत मोठा कोण, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचं माझं उत्तर पॅट्रिक रुआ हे आहे. गोलकीपर असलेला रुआ. हे ऐकून बहुतेक जण मान हलवतात, म्हणून पूर्ण हिशेब मांडतो.

आधी प्लेऑफ म्हणजे नेमकं काय ते पाहू. १६ संघ, चार फेऱ्या, प्रत्येक फेरीत सातपैकी चार सामने जिंकायचे. म्हणजे कपासाठी १६ विजय लागतात आणि त्यासाठी जास्तीत जास्त २८ सामने खेळावे लागतात, तेही दोन महिन्यांत. एकाच प्रतिस्पर्ध्याशी दोन आठवड्यांत सात वेळा गाठ पडू शकते. तिसऱ्या सामन्यापर्यंत समोरच्या प्रशिक्षकाला तुमच्या स्टार खेळाडूची प्रत्येक सवय कळलेली असते. खेळ थांबल्यावर खेळाडू बदलताना शेवटचा बदल करण्याचा हक्क यजमान संघाकडे असतो. पाहुण्या संघाचे पाच कोण उतरले ते बघून यजमान प्रशिक्षक आपली सर्वांत चिवट बचावाची लाइन त्या स्टारवर सोडतो. साखळीत ढिगाने गोल करणारे कितीतरी खेळाडू इथेच आटतात. म्हणून कुठल्याही फॉरवर्डचे आकडे बघताना घरच्या आणि परक्या मैदानावरचे वेगवेगळे बघावेत. परक्या मैदानावरचे पॉइंट जास्त कष्टाचे असतात.

ओव्हरटाइमचंही तसंच. साखळीत बरोबरी झाली तर शेवटी पेनल्टीसारखा शूटआउट होतो. प्लेऑफमध्ये तो नाही. २० मिनिटांचा पूर्ण डाव, पाचास पाच, पहिला गोल होईल तिथे सामना संपला. नाही झाला तर आणखी २० मिनिटं. २४ मार्च १९३६ ला डेट्रॉइट आणि मॉन्ट्रियल मरून्स यांचा सामना असा तब्बल ११६ मिनिटं ३० सेकंद ओव्हरटाइममध्ये चालला होता.

आता आकड्यांचा घोळ. वेगवेगळ्या काळातले एकूण आकडे शेजारी ठेवले की वाद तिथेच बिघडतो. १९४२ ते १९६७ या काळात लीगमध्ये सहाच संघ होते, प्लेऑफला चार जात आणि दोन फेऱ्या जिंकल्या की कप. ८ विजय पुरायचे. १९५२ मध्ये डेट्रॉइटच्या टेरी सॉचकने ८ सामन्यांत ८ विजय मिळवले, त्यांतले ४ सामने एकही गोल न खाता, आणि सगळे मिळून फक्त ५ गोल दिले. तरी एकूण विजयांच्या यादीत तो खूप खाली दिसणार, कारण त्याच्या काळात सामनेच कमी होते. १९८० ते १९८६ दरम्यान पहिली फेरी पाचपैकी तीन विजयांची होती, म्हणून १९८५ च्या एडमंटनने १५ विजय आणि ३ पराभव एवढ्यातच कप उचलला.

त्याहून मोठा फरक गोलांच्या सुकाळाचा. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात एक संघ सामन्यामागे सरासरी जवळजवळ ४ गोल करायचा. २००३-०४ मध्ये हीच सरासरी २.६ च्या आसपास आली होती. ओलिताचा एकरी कापूस आणि कोरडवाहूचा एकरी कापूस एका तराजूत घालून कोणी शेतकऱ्याची हुशारी ठरवत नाही. हॉकीत मात्र हे सर्रास चालतं.

दुरुस्तीची रीत सोपी आहे, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होते. खेळाडूचे त्या प्लेऑफमधले पॉइंट भागिले सामने. आलेल्या उत्तराला ३ ने गुणा, कारण संघामागे ३ गोल ही आपण मधली पातळी धरतोय. मग त्या मोसमातल्या, संघामागच्या सामन्यागणिक सरासरी गोलांनी भागा. ग्रेट्झकी १९८५: १८ सामन्यांत ४७ पॉइंट, म्हणजे २.६१, सरासरी सुमारे ३.९, दुरुस्त आकडा २.०. मारिओ लेम्यू १९९२: १५ सामन्यांत ३४, म्हणजे २.२७, सरासरी ३.५, दुरुस्त १.९४. कॉनर मॅक्डेव्हिड २०२४: २५ सामन्यांत ४२, म्हणजे १.६८, सरासरी ३.१, दुरुस्त १.६३. ब्रॅड रिचर्ड्स २००४: २३ सामन्यांत २६, म्हणजे १.१३, दुरुस्त १.३.

या गणिताने दोन गोष्टी उघड होतात. ग्रेट्झकी दुरुस्तीनंतरही वरच राहतो. तेव्हा तो सुकाळात खेळला म्हणून मोठा, असं म्हणणाऱ्यांनी हे गणित करून बघावं. दुसरं म्हणजे लेम्यूचा १९९२ चा वसंत त्याच्या अगदी खांद्याला खांदा लावतो, आणि तोही मध्ये हाताचं हाड मोडून काही सामने बाहेर बसलेला असताना. लेम्यू कारकिर्दीत प्लेऑफचे १०७ सामनेच खेळू शकला, त्यात १७२ पॉइंट. तब्येतीने साथ दिली असती तर हा वाद आज कुठे असता, हा प्रश्न मला खरोखर छळतो.

रीतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. सरासरी साखळीची घेतलीय आणि प्लेऑफमध्ये गोल बहुधा त्याहून कमी होतात. पंधरा-वीस सामने हा छोटा नमुना आहे, एका सामन्यातल्या पाच पॉइंटांनी उत्तर हलतं. शिवाय एका गोलामागे दोन असिस्ट मिळू शकतात, त्यामुळे जबरदस्त संघात पॉइंट वाढतात. १९८५ च्या एडमंटनने १८ सामन्यांत ९८ गोल केले. ग्रेट्झकीचा हात त्यांतल्या ४७ गोलांना लागला, म्हणजे ४८ टक्के. पण त्याच संघात यारी कुरीने १९ गोल ठोकले आणि पॉल कॉफीने डिफेन्समन, म्हणजे बचावाचा खेळाडू, असून ३७ पॉइंट केले. डिफेन्समनचा हा विक्रम आहे. शेजारी असे खेळाडू असले की समोरच्याला कोणाला आवरावं तेच कळत नाही.

सर्वांत मोठी मर्यादा ही की गोलकीपर आणि बचावाचे खेळाडू या गणितात बसतच नाहीत. प्लेऑफच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी कॉन स्मिथ ट्रॉफी १९६५ पासून दिली जाते. १९६७ मध्ये ती टोरंटोच्या डेव्ह कीऑनला मिळाली, १२ सामन्यांत फक्त ८ पॉइंट असताना. त्याने समोरच्यांचे सेंटर, म्हणजे आघाडीच्या फळीतले मधले खेळाडू, अडवले, हेच त्याचं काम आणि हाच त्याचा पराक्रम. पॉइंटांचा तक्ता उघडून बसणाऱ्याला तो कधीच सापडणार नाही.

आता गोलकीपर. चांगला फॉरवर्ड ६० मिनिटांपैकी २० मिनिटं बर्फावर असतो, तेही ४०-५० सेकंदांच्या शिफ्टमध्ये. गोलकीपर पूर्ण ६० मिनिटं आणि वर सगळा ओव्हरटाइम. जाळं ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच. त्यावर येणारा पक जेमतेम ३ इंच व्यासाचा कडक रबराचा. गोलकीपरचं माप म्हणजे सेव्ह टक्केवारी, आलेल्या शॉटांपैकी किती अडवले त्याचं प्रमाण, आणि तीही त्या मोसमाच्या सरासरीशी लावूनच वाचायची. १९९२-९३ मध्ये लीगची सरासरी .८८५ च्या जवळ होती. त्या प्लेऑफमध्ये रुआने .९२९ राखली. सामन्याला ३० शॉट धरा: सरासरी गोलकीपर ३.४५ गोल खातो, रुआ २.१३. दर सामन्याला सव्वा गोलाहून जास्त फरक. २० सामन्यांत हे २६ गोल होतात. एकट्या फॉरवर्डने संघाला इतकी आघाडी देणं फार कठीण.

१९९३ चा तो वसंत नीट बघण्यासारखा आहे. रुआचा संघ मॉन्ट्रियल पहिल्या फेरीत क्यूबेककडून पहिले दोन सामने हरलं, त्यातला पहिला ओव्हरटाइममध्ये. त्यानंतर मॉन्ट्रियलचे दहा सामने ओव्हरटाइममध्ये गेले आणि दहाही मॉन्ट्रियलने जिंकले: क्यूबेकविरुद्ध दोन, बफेलोविरुद्ध तीन, आयलंडर्सविरुद्ध दोन आणि अंतिम फेरीत लॉस एंजेलिसविरुद्ध तीन. समोरच्या संघात ग्रेट्झकी होता. एक गोल म्हणजे सामना संपला, अशा दहा प्रसंगांत एकदाही चूक नाही. अर्थात रुआ एकटा नव्हता. अंतिम फेरीच्या दुसऱ्या सामन्यात मॉन्ट्रियल मागे असताना पावणेदोन मिनिटं उरली होती. तेव्हा प्रशिक्षकाने मार्टी मॅक्सॉर्लीच्या स्टिकचा बाक मोजायला लावला, तो नियमापेक्षा जास्त निघाला, पॉवर प्ले मिळाला, म्हणजे समोरचा एक खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर, आणि एरिक देजार्दँने बरोबरीचा गोल केला. ओव्हरटाइमचा गोलही त्याचाच. पण तिथपर्यंत सामना जिवंत ठेवणारा रुआ होता.

आणि हा एक वसंत नाही. १९८६ मध्ये २० वर्षांचा असताना कॉन स्मिथ, १९९३ मध्ये दुसरी, २००१ मध्ये कोलोरॅडोकडून ३५ व्या वर्षी तिसरी. तीन कॉन स्मिथ दुसऱ्या कोणाकडेही नाहीत. पहिली गोलांच्या पुरात, तिसरी गोलांच्या दुष्काळात. मधल्या पंधरा वर्षांत खेळाचं तंत्र पालटलं, आणि त्या बदलात त्याचा स्वतःचा मोठा वाटा होता: गुडघे बर्फावर टेकवून दोन्ही पॅड बाजूंना पसरायचे आणि जाळ्याचा खालचा भाग बंद करायचा, ही बटरफ्लाय पद्धत त्याने प्रशिक्षक फ्रांस्वा अलेर यांच्यासोबत इतकी पक्की केली की पुढची पिढी तीच शिकली. प्लेऑफमध्ये त्याचे १५१ विजय आहेत. त्याच्या मागे मार्टिन ब्रॉडर, ११३ वर.

विरोधातलं बोलणंही मांडतो, कारण ते खरं आहे. २००१ च्या अंतिम फेरीच्या चौथ्या सामन्यात रुआ पक खेळायला जाळं सोडून मागे गेला, पक हातचा गेला आणि स्कॉट गोमेझने बरोबरी साधली. सामना हातून गेला. २००२ मध्ये डेट्रॉइटविरुद्ध सहाव्या सामन्यात त्याने अडवलेला पक ग्लोव्हमध्ये उंच धरून दाखवला, तो निसटला आणि गोल झाला. पुढचा सातवा सामना ०-७ ने गेला. या दोन्ही चुकांचं मूळ एकच: पक पूर्ण ताब्यात येण्याआधीच पुढची हालचाल. पण २००१ मध्ये त्या चुकीनंतर काय झालं तेही बघा. संघ मालिकेत २-३ ने मागे, सहावा सामना न्यू जर्सीच्या घरी, आणि रुआने एकही गोल दिला नाही, ४-०. सातवा ३-१. ब्रॉडरसारखा गोलकीपर समोर असताना.

फक्त एका वसंतापुरतं बोलायचं तर रुआहून वरचे गोलकीपर सापडतात. जोनाथन क्विकने २०१२ मध्ये .९४६ राखली, टिम थॉमसने २०११ च्या अंतिम फेरीत सात सामन्यांत व्हँकुव्हरला फक्त ८ गोल दिले. केन ड्रायडन तर १९७१ मध्ये साखळीचे अवघे सहा सामने खेळून प्लेऑफमध्ये उतरला आणि कॉन स्मिथ घेऊन गेला. ड्रायडनचे सहा कप आहेत. पण त्याच्यापुढे सत्तरच्या दशकातल्या मॉन्ट्रियलची भिंत होती, तशी भिंत रुआला १९८६ आणि १९९३ मध्ये नव्हती. माझ्या पहिल्या दहांच्या यादीत ड्रायडन सहावा.

निर्णायक गोलांबद्दल एक सावधगिरी. विजयी गोल हा आकडा फसवा आहे. समोरच्या संघाच्या अंतिम गोलसंख्येपेक्षा एकाने जास्त असलेला गोल तेवढा विजयी धरतात. ५-१ ने जिंकलात तर पहिल्या दहा मिनिटांत झालेला तुमचा दुसरा गोलही विजयी ठरतो. २००४ मध्ये ब्रॅड रिचर्ड्सचे असे ७ गोल होते, तो विक्रम आहे आणि मला त्याचा आदर आहे; पण प्रत्येक गोल केव्हा झाला ते बघूनच वजन द्यावं. ओव्हरटाइमचे गोल मात्र निखळ असतात. त्यात जो सॅकिक ८ वर आहे आणि मॉरिस रिशार ६ वर. लिऑन ड्रायसाइटलने २०२५ च्या एकाच प्लेऑफमध्ये ४ केले.

रिशारला मी चौथा ठेवतो. दोनच फेऱ्यांच्या काळात १३३ सामन्यांत ८२ गोल. २३ मार्च १९४४ ला टोरंटोविरुद्ध संघाचे पाचही गोल त्याचेच. १९५२ मध्ये बोस्टनविरुद्ध सातव्या सामन्यात डोक्याला जबर मार लागून बाहेर गेला, टाके घालून परत आला आणि विजयी गोल केला. तो १९६० मध्ये निवृत्त झाला, कॉन स्मिथ नंतर आली, म्हणून नव्या पोरांना त्याचं नाव ट्रॉफीच्या यादीत दिसत नाही आणि ते त्याला सोडून देतात. हे मला मुळीच पटत नाही. माइक बॉसीचे १२९ सामन्यांत ८५ गोल आहेत आणि १९८१, ८२, ८३ अशी सलग तीन वर्षं प्रत्येकी १७; पण ते गोलांच्या पुरातले, म्हणून तो सातवा.

दुसरा ग्रेट्झकी, तिसरा लेम्यू, पाचवा मेसिए. मेसिएच्या बाजूने सहा कप आणि २५ मे १९९४ चा सामना. न्यूयॉर्क रेंजर्स मालिकेत २-३ ने मागे, त्याने आधीच पत्रकारांना सांगून टाकलेलं की आम्ही जिंकू. न्यू जर्सी २-० ने पुढे गेलं. मेसिएने आधी अॅलेक्सी कोव्हालेव्हच्या गोलाला पास दिला आणि तिसऱ्या डावात तीन गोल केले, शेवटचा रिकाम्या जाळ्यात. ४-२. रेंजर्सनी पुढे १९४० नंतरचा पहिला कप जिंकला.

डिफेन्समनमध्ये बॉबी ऑर की निकलास लिडस्ट्रॉम, हा वाद मला सर्वांत अवघड वाटतो. ऑरकडे १९७० आणि १९७२ असे दोन कप, दोन्ही वेळा कॉन स्मिथ, ७४ सामन्यांत ९२ पॉइंट. गुडघ्यांनी दगा दिला नसता तर प्रश्नच उरला नसता. लिडस्ट्रॉमकडे २६३ सामने आणि चार कप. २००२ मध्ये डेट्रॉइट व्हँकुव्हरविरुद्ध ०-२ ने मागे असताना त्याने मध्यरेषेजवळून मारलेला पक थेट जाळ्यात गेला आणि डेट्रॉइटने पुढचे चारही सामने जिंकले. एका मालिकेसाठी संघ निवडायचा असेल तर मी ऑर घेईन, दहा वर्षांसाठी लिडस्ट्रॉम. यादीत ऑर आठवा, लिडस्ट्रॉम नववा.

मॅक्डेव्हिडबद्दल गावातले पोट्टे भांडतात, आणि त्यांची बाजू कमजोर नाही. २०२४ मध्ये ३४ असिस्ट, ग्रेट्झकीचा १९८८ चा ३१ चा विक्रम मोडला. फ्लोरिडाविरुद्ध ०-३ ने मागे असताना चौथ्या आणि पाचव्या सामन्यात प्रत्येकी चार पॉइंट, हरलेल्या संघात असूनही कॉन स्मिथ. पण सहाव्या आणि सातव्या सामन्यात एकही पॉइंट नाही, आणि सातवा २-१ ने गेला. (१९८८ चंच निघालं म्हणून सांगतो: त्या अंतिम फेरीचा बोस्टनमधला चौथा सामना ३-३ असताना मैदानाची वीजच गेली आणि सामना सोडून द्यावा लागला. तो पुन्हा एडमंटनमध्ये खेळवला, पण त्या अर्ध्या रात्रीतले पॉइंट आकडेवारीत धरले गेले. ग्रेट्झकीच्या १९ सामन्यांतल्या ४३ पॉइंटांत तेही आहेत.)

दहाव्या जागेवर मी गोलकीपर आंद्रेई वासिलेव्हस्कीला बसवतो. त्याच्या टँपा संघाने २०२० चा कप जिंकला तो अंतिम सामना आणि २०२१ च्या चारही फेऱ्यांतला शेवटचा सामना, असे मालिका संपवणारे सलग पाच विजय त्याने एकही गोल न देता मिळवले. पुढची पहाट त्याच्या मॅचची असेल तेव्हा पक सोडून त्याच्याकडे बघा: शॉट लागल्यावर पक कुठे जातो, मधोमध उसळतो की कोपऱ्यात ढकलला जातो. थकलेला गोलकीपर गुडघे वेळेआधी टेकवतो, खांद्यावरची जागा उघडी पडते आणि पक पुन्हा समोरच्याच्या स्टिकवर येतो. दुसऱ्या ओव्हरटाइमनंतर हे बहुतेकांच्या बाबतीत दिसायला लागतं.